भट्टीची पापी

ऐका ना, आधी ऐका, चहा नंतर! मला स्वतःची खुर्ची मिळाली! हो, आजच, उस्तादांच्या शेजारची! थांबा, नीट सांगते, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

आमच्या काचेच्या कारखान्यात ती लांबलचक लोखंडी नळी असते ना? भट्टीतली पातळ काच तिच्या एका टोकाला मधासारखी गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. मोठं काम एकट्याला झेपत नाही. एकजण खुर्चीत बसून नळी फिरवतो, आकार देतो, दुसरा फुंकतो. मग अदलाबदल. माणसं बदलतात, नळी तीच. मध्ये फडक्याने पुसली की झालं. आणि ते फडकंही सगळ्यांत मिळून एकच!

आता गंमत बघा. नवीन माणूस आला की काही दिवसांत त्याच्या ओठावर फोड उठतात. बारीक बारीक, पाण्याने भरलेले, झुपकाच. आमच्याकडे म्हणतात, भट्टीने पापी घेतली, म्हणजे तू आमच्यातली झालीस. मला आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही ओठ पुढे काढून मिरवत फिरले.

पण ती पुन्हा आली. मग आणखी एकदा. आई म्हणाली, "ही कसली गं मेली पापी, सारखी सारखी? हिला दुसरं कुणी मिळेना का?" आणि दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी नुसतं बघितलं. "हर्पिस."

आणि शेजारी आई! म्हटलं, "अहो, पण मी तसलं काही..."

"तसलं म्हणजे कसलं?" बाई हसायला लागल्या. "अर्ध्याहून जास्त जगाच्या अंगात असतो हा विषाणू. कुणी लहानपणी पापी घेतली, कुणाचं उष्टं प्यायलीस, तेवढं पुरतं. एकदा शिरला की जात नाही, नसेत दडून बसतो. ताप आला, दगदग झाली, झळ लागली की डोकं वर काढतो."

"म्हणजे जन्मभर?"

"जन्मभर. पण मालकीण तू. ओठ चुरचुरला की फोडाची वाट बघायची नाही, लगेच गोळी. हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत. उष्टंमाष्टं बंद, आणि तान्ह्या बाळाची पापी तर अजिबात नाही. बाळाला हे जिवावर बेतू शकतं."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात सांगितलं. तर लंबूदादा, म्हणजे माझा कामातला जोडीदार, म्हणतो, "भट्टीला नावं ठेवतेस?" सगळे खो खो हसले. मग मी गपचूप एक रबरी नळी आणली. तिचं एक टोक लोखंडी नळीला फिरत्या जोडणीने लावायचं, दुसऱ्यावर तोंडात धरायची माझी स्वतःची तोटी. खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच फुंकायचं! सगळे घरी गेले की सराव. पोरांनी बघितलं असतं तर बाळाची बाटली म्हणून चिडवून हैराण केलं असतं.

आणि आज खुर्चीची परीक्षा. वर्षातून एकदाच. दिव्याचा मोठा गोळा, एकसारखा, कुठे जाड नाही, पातळ नाही. उस्ताद हाताची घडी घालून उभे. मी एप्रन बांधतेय आणि ओठ... चुर्र.

बघितलं तर काहीच नाही. गोळी तेवढ्यात गिळली. पण जोडीने काम म्हणजे नळी तीच. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. लंबूदादा नळी पुसत म्हणतो, "कालपासून आमची छोटी हसायला लागलीय गं. गालाची पापी घेतली की खुदकन!"

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "उस्ताद, थांबा. माझी पापी येतेय. आणि ती भट्टीची नाहीये, हर्पिस आहे. लंबूदादाच्या घरी बाळ आहे."

लंबूदादाने नळी अशी खाली ठेवली, जणू सापच.

उस्ताद म्हणाले, "मग काय, पुढच्या वर्षी."

"नाही! आत्ताच. एकटी करते."

पिशवीतून रबरी नळी काढली. कुणीतरी फिसकन हसलंच. हसू दे! काच घेतली, बसले, डाव्या हाताने फिरवतेय, उजव्या हाताने ओल्या कागदाच्या जाड घडीने आकार देतेय, आणि तोंडाने हळूहळू श्वास सोडतेय. गोळा फुगतोय, फुगतोय! लंबूदादा फळी आडवी धरून मला झळ लागू देत नव्हता. "सावकाश, ताई, सावकाश!" अरे, रोज मला "ए पोरी" म्हणतो तो!

गोळा नळीवरून अलगद सुटला. उस्तादांनी जाड हातमोजे घालून तो उजेडात धरला, फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. म्हणाले, "दोघांचं काम एकटीने केलंस की गं." मग खुर्चीकडे नुसती मान हलवली. मी किंचाळलेच!

आणि पुढचं ऐका. उस्तादांनी खुंटीवरचं ते फडकं चिमटीत धरलं आणि सरळ भट्टीत! "उद्यापासून प्रत्येकाची तोटी आपापली," म्हणाले. लंबूदादा तोवर दाराशी फोनवर बायकोला सांगत होता, "मी आलो तरी मला छोटीच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचारू." मग माझ्याकडे वळून, "ताई, ती रबरी बाटली कुठे मिळाली गं?"

चला, आता आणा चहा! आणि ए, माझा कप वेगळा ठेव हं. अजून चुरचुरतंय.