बरणीवरची खरी चिठ्ठी

आमच्या लाइपझिगच्या बागवसाहतीत माझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कुणाचा काडीचा विश्वास नाही. आता त्यात माझी काय चूक? कोरी चिठ्ठी समोर आली की माझ्या हाताला खाज सुटते. आत आलुबुखारचा मुरंबा आहे हे काचेतून आंधळ्यालाही दिसतं, मग तेच वर कशाला लिहायचं? मी लिहिते, 'अस्वलाच्या कानातला मळ'. बारक्या कांद्यांच्या लोणच्यावर लिहिते, 'पाणघोड्याचे दुधाचे दात'. लोक हसतात, बोटं चाटतात, आणि पुढच्या वर्षी परत विचारतात, "ओमा रोसी, यंदा कुणाच्या कानातला?"

ओमा म्हणजे आजी. मी सगळ्या वसाहतीची आजी आहे, कारण नव्वदला टेकलेली इथे मी एकटीच. बरं बाई, ही गोष्ट घडली तेव्हा ब्याऐंशी. तुम्ही लगेच मोजायला बसू नका.

मोजण्यावरूनच सगळं रामायण झालं. आमच्याकडे प्रत्येकाला जमिनीचा एकेक पट्टा असतो आणि नियम असा आहे, की पट्ट्यातली एक तृतीयांश जमीन खायच्या भाज्या-फळांची हवी. उरलेल्यात गवत लावा, फुलं लावा, आरामखुर्ची टाका. जुने अध्यक्ष पाहणीला यायचे ते चमचा खिशात घालून यायचे. मुरंबा चाटायचे, आभाळाकडे बघून "एक तृतीयांश तर दिसतंच आहे" म्हणायचे, आणि जायचे. देवमाणूस. त्यांच्या जागी आले वेंडेलिन कुनाट. हे आयुष्यभर नकाशा-खात्यात होते. यांच्या खिशात चमचा नाही, टेप. यांच्या कोबीच्या ओळी इतक्या सरळ, की गोगलगायसुद्धा उजव्या बाजूने चालते.

गेल्या वर्षी ऑक्टोबर लागला आणि माझ्या फाटकाला पत्र अडकवलेलं दिसलं. पट्टा क्रमांक सतरा. एकूण दोनशे चाळीस चौरस मीटर. भाजीखाली ऐंशी हवेत, आहेत बावन्न. महिनाअखेरच्या शनिवारी फेरपाहणी. तोवर कमतरता भरून निघाली नाही, तर पट्टा काढून यादीतल्या पुढच्या कुटुंबाला दिला जाईल. खाली सही. सहीसुद्धा पट्टी लावून केलेली.

मी पत्र घेऊन थेट अठरा नंबरला गेले. तिथे गुंडुला राहते, म्हणजे तिचा पट्टा आहे. राहते ती ट्रामच्या रुळांपलीकडे, पण हिवाळा सोडला तर तिला घरी कुणी पाहिलेलं नाही. ती घेवडा सोलत होती.

"तुला सांगत होते मी," ती म्हणाली, "त्या डेलियाच्या वाफ्याचं काहीतरी कर. तीन बाय दहाचा वाफा नुसत्या फुलांना! उपट आणि लसूण लाव. लसूण लावायचे हेच दिवस आहेत."

"आणि मे महिन्यात डेलिया कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?"

"माझ्या डोक्यावर कशाला? एक वर्ष नाही लावलेस तर मरशील का?"

मी पत्राची घडी घालू लागले. तेव्हा तिनेच घेवडा खाली ठेवला. कारण तो वाफा ओटोमारचा, हे तिलाही ठाऊक होतं. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा कोट मी देऊन टाकला, त्याची सायकल दिली, त्याचा तो तंबाखूचा भयंकर पाइप तर मी स्वतः नदीत फेकला. पण ऑगस्ट आला, की तीस चौरस मीटर जागेत तो लाल, जांभळा, पिवळा होऊन उभा राहतो आणि मी त्याला पाणी घालताना चार शिव्या देते. हे दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं? आणि पट्टाच गेला तर मग काय, तोही जाणार आणि मीही.

"एक रस्ता आहे," मी म्हणाले. "डेलिया खातात."

"कोण? गोगलगायी?"

"माणसं. खालचे कंद. बटाट्यासारखे असतात, पण कुरकुरीत."

गुंडुलाने माझ्याकडे पाहिलं. "रोसी, तूच मला सांगितलं होतंस, की तुझा नवलकोल एवढा वाढला की ट्राममध्ये त्याचं वेगळं तिकीट काढावं लागलं."

"हो मग? एका बाईने उठून त्याला जागाही दिली. पण हे खरं आहे."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"गुंडुला, सुरी आण."

बारा तारखेला पहिलं दव गोठलं आणि डेलियाची पानं एका रात्रीत काळी पडली. त्याचीच वाट पाहायची असते. त्याआधी कंद उपटला तर कच्चा निघतो. आम्ही दोघी फावडी घेऊन बसलो. एकेका झाडाखाली सहा-सात कंद, रताळ्यांच्या घोसासारखे. ज्यांच्या मानेवर डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आहे ते वाळूच्या खोक्यात, तळघरात, पुढच्या वर्षासाठी. बिनडोळ्याचे लोणच्यात. कधी फवारणी नाही, विकतचं खत नाही, त्यामुळे भीती नव्हती.

"नवऱ्याची आठवण चिरून खाणार तू," गुंडुला सोलता सोलता म्हणाली.

"चाळीस वर्षं त्याने माझं डोकं खाल्लं. आता फिटंफाट."

चव सगळ्यांची सारखी नव्हती. पांढऱ्या फुलाचा कंद कडवट निघाला, तो फेकला. पिवळ्याचा साबणासारखा. पण लाल आणि जांभळ्यांचे! गाजर, नवलकोल आणि ओला अक्रोड यांनी एकत्र संसार थाटावा तसे. त्यांच्या चकत्या केल्या, मीठ लावून पाणी सोडू दिलं. व्हिनेगरमध्ये साखर, मोहरी, कांदा घालून उकळी आणली, बरण्यांत शेपूचे दांडे उभे केले, चकत्या भरल्या, वर ते गरम व्हिनेगर ओतलं, रबरी कडं बसवलं, झाकण घातलं. मग मोठ्या पातेल्यात खाली फडकं घालून बरण्या उकळल्या. फडकं नसेल तर बरण्या भांडतात आणि तडकतात, जावा-जावांसारख्या. गार झाल्यावर झाकण उचलून पाहिलं तर घट्ट. अकरा बरण्या. वाफ्यात मी फक्त एक झाड ठेवलं, कोपऱ्यातलं गडद लाल, ओटोमारचं सगळ्यात पहिलं. त्याला फावडं लावायला हात होईना.

मग चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आणि इथे मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मी खरं लिहिलं. 'डेलिया. पट्टा १७. ऑक्टोबर.'

शेवटच्या शनिवारी दुपारी क्लबघरात सगळ्यांच्या बरण्या मांडल्या जातात. लांब टेबल, प्रत्येकाचं लोणचं, मुरंबा, आंबट कोबी, मधे ब्रेडच्या टोपल्या. पाहणी त्यानंतर. मी मुद्दाम माझी बरणी कुनाटसाहेबांच्या खुर्चीसमोर ठेवली.

ते बसले. काट्याने एक चकती घेतली. चावली. थांबले. दुसरी घेतली. तिसरी ब्रेडवर ठेवून घेतली. चौथीनंतर त्यांनी वही काढली.

"ओमा रोसी, हा नवलकोल कुठल्या जातीचा? नोंद करून ठेवतो."

"चिठ्ठी वाचा ना, साहेब."

त्यांनी चष्मा चढवला. "'डेलिया.'" मग ते चक्क हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दातसुद्धा रांगेत लावलेले. "बरं आहे. विनोद."

"विनोद नाही. डेलियाचे कंद आहेत."

टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "ओमा, यंदा काही जमलं नाही हं! गेल्या वर्षीचे पाणघोड्याचे दात बरे होते!"

"म्हातारी झाली," दुसरा म्हणाला, "थापा आटल्या."

"अरे, थापा नाही, खरं आहे!" मी उभी राहिले. "तीस मीटर वाफा आहे तो, आणि तो भाजीत धरायला हवा, कारण भाजीच आहे ती!"

सगळं क्लबघर हसत सुटलं. गुंडुला उठून म्हणाली, "मी स्वतः सोललेत!" तर एकजण म्हणाला, "गुंडुला, तू तर त्या नवलकोलाच्या ट्राममध्येही होतीस ना?" आणि ती बसली. कारण आदल्या वर्षी तिने तशी साक्ष दिली होती. माझ्यासाठीच.

खोटं सांगताना माझा आवाज कधी अडखळत नाही. त्या दिवशी खरं सांगताना अडखळला. मी रिकामी बशीच पुसत बसले.

कुनाटसाहेब उठले. टेप खिशातून काढला. "मी ऐकलेलं मोजत नाही," ते म्हणाले, "आणि हसलेलंही मोजत नाही. दाखवा."

"सगळे कंद तळघरात आहेत, खोक्यात."

"खोक्यात काहीही असू शकतं. मला मातीतून निघालेलं पाहायचंय. वर डेलिया, खाली हे." त्यांनी बरणी उचलली आणि काखेत धरली. "काही उरलंय का?"

उरलं होतं. एकच.

सगळी वरात माझ्या पट्ट्यावर आली. कुणी तोंडात ब्रेड धरून, कुणी हातात काटा घेऊन. कोपऱ्यातलं ते झाड काळं पडलं होतं, पण शेंड्याला एक लाल फूल अजून सुकलेलं लटकत होतं. मी फावडं घेतलं आणि नुसतीच उभी राहिले.

"हे झाड जुनं आहे का?" कुनाटसाहेबांनी विचारलं.

"याच्यापासून सगळं सुरू झालं," मी म्हणाले. "लग्नाचं पहिलं वर्ष. ओटोमारला मी बियाण्याचे बटाटे आणायला पाठवलं. हा पोतं घेऊन आला डेलियाच्या कंदांचं. त्याला वाटलं, लांबट जातीचे बटाटे आहेत. मलाही वाटलं. अर्धं पोतं उकडून आम्ही आठवडाभर खाल्लं. तो रोज म्हणायचा, 'रोसी, तुझ्या हाताला चव आहे.' उरलेलं लावलं, आणि ऑगस्टमध्ये बटाट्याला एवढाली लाल फुलं आली."

मग कुनाटसाहेब म्हणाले, "आजवरची सगळ्यात मोठी थाप."

"हीच एक खरी आहे हो!" मी ओरडले, आणि रागाच्या भरात फावडं मातीत गेलंसुद्धा.

घोस निघाला. नऊ कंद, लठ्ठ, तांबूस सालीचे. वर ते काळं झाड, त्याला ते सुकलं फूल, सगळं एकाच देठाला. मी नळाखाली धुतले, बिनडोळ्याचा एक तोडला, सोलला, चकती कापली आणि साहेबांच्या हातावर ठेवली.

त्यांनी एका हातातली कच्ची चकती चावली. डोळे मिटले. मग बरणीतली चावली. पुन्हा कच्ची. पुन्हा बरणीतली. जणू दोन्ही गालांत तराजूची पारडी लावलीत.

"तेच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी टेप सोडला. गुंडुलाने एक टोक धरलं, ते स्वतः दुसरं घेऊन वाफ्याच्या कडेने ओणवे चालले. तीन. दहा. पुन्हा एकदा मोजलं, कारण एकदा मोजून त्यांना झोप लागत नाही. वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "पट्टा सतरा. भाजीखालील जमीन ब्याऐंशी चौरस मीटर. दोन मीटर जास्त. पाहणी पूर्ण."

"ब्याऐंशी," गुंडुला म्हणाली, "तुझ्या वयाइतकी गं!"

"नव्वद," मी म्हणाले.

लोक टाळ्या वाजवत होते, आणि तेच दोघे, पाणघोड्याच्या दातांवाले, आता माझ्याकडे बिनडोळ्याचे कंद मागत होते. मी त्यांना पांढऱ्या फुलाचे दिले असते, पण ते मी फेकले होते. ओटोमारच्या घोसातले डोळेवाले सहा कंद मी फडक्यात गुंडाळले, आणि एक सातवा कुनाटसाहेबांच्या कोटाच्या खिशात टाकला, टेपाच्या शेजारी. त्यांनी पाहिलं. खिशाचं बटण लावलं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या त्या सरळ कोबीच्या ओळींत, बरोबर मधोमध, एक लाल डेलिया उभा होता, थोडा वाकडा. आणि परवा क्लबघरात टेबलावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हातची बरणी मांडली. नारिंगी काड्या, वर चिठ्ठी, अक्षर अगदी छापल्यासारखं: 'ड्रॅगनची नखं'.

मला तर भरूनच आलं. मी जवळ जाऊन चष्मा लावला, तर खाली, बारीक अक्षरात, कंसात लिहिलेलं होतं: (गाजर).

अजून कच्चा आहे बिचारा. पण शिकेल.