ताडपत्रीच्या पिशवीतले लाल अंडे

मित्रांनो, मी एक जुनी, मऊ पिशवी आहे. ट्रकच्या टाकून दिलेल्या ताडपत्रीतून मिलुंकाबाईंनी मला शिवले आणि त्यांचे पती रादोये यांच्या मोटारसायकलच्या उजव्या बाजूला बांधले.

रादोयेंना डांबरी रस्त्याचे भारी वावडे. रानातल्या, दगडगोट्यांच्या वाटाच त्यांना प्रिय. गाडीला दोन्हीकडे ॲल्युमिनियमचे डबे होते आणि त्या डब्यांवर त्यांचा जीव होता. मग माझी वर्णी कशी लागली? तर एका अंड्यामुळे.

ईस्टरला रंगवलेले पहिले लाल अंडे आमच्याकडे कोणी खात नाही. ते वर्षभर घराची राखण करते. लेक स्तामेनाचे नव्या घरातले ते पहिलेच ईस्टर होते. मिलुंकाबाईंनी तिच्यासाठी अंडे रंगवले. डोंगरापलीकडे ते कशातून न्यायचे यावरून नवराबायकोत जुंपली.

"डब्यात खडखडत जाईल ते! राखणदार वाटेतच डोकं फोडून घेईल," मिलुंकाबाई म्हणाल्या.

"अगं, आणि तुझ्या या पिशवीत? त्यापेक्षा आत्ताच सोलून दे!"

"देते की. लेकीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

रादोयेंनी कुरकुरत उजवा डबा उतरवला.

मित्रांनो, तो प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. बीच नावाच्या उंच झाडांतून धुके वाहत होते आणि मी अर्धवट झोपेत डुलत होते. पोटात लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेले अंडे होते. वाटे, मी कोंबडीच आहे आणि अंडे उबवते आहे. उकडलेले अंडे उबत नसते, हे मला कोण सांगणार!

ओढ्याच्या उतारावर ओल्या पाचोळ्यावरून चाक घसरले. गाडी उजवीकडे आडवी झाली. वर गाडी, मध्ये मी आणि माझ्याखाली रादोयेंचा पाय. जेवढे चपटे होता येईल तेवढी मी झाले. पाय निसटला. पण माझ्या पोटात 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रादोयेंनी मला उघडले. मोज्यातून अंडे बाहेर काढले.

"डबा असता तर वाचलं असतं," ते पुटपुटले. ते खरेही होते. मला फार वाईट वाटले.

स्तामेनाच्या दारात त्यांनी मान खाली घालून चेंदलेले अंडे पुढे केले. "तुझ्या आईच्या या चिंधीनं घात केला बघ."

तिने अंड्याकडे नंतर पाहिले. आधी बापाचा चिखलाने माखलेला बूट पाहिला, मग माझ्या अंगावर उमटलेला त्याचा ठसा.

"बाबा, पाय हिच्याखाली होता?"

"होता."

"आणि हिच्या जागी तो डबा असता तर?"

रादोयेंनी हळूच वाकून माझ्यावरचा चिखल हाताने पुसला.

"असू दे," स्तामेना अंडे ताटलीत ठेवत म्हणाली. "उद्या मीठ लावून सगळे मिळून खाऊ."

"अगं, मग घराला राखणदार?"

"बाप दोन पायांवर चालत दारात आलाय की. या, आत या."

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे, रंग उडाला आहे. तुमच्याही घरात असे काही दबलेले, चुरगळलेले असेल. ते टाकून देण्याआधी जरा विचारा, ते कोणासाठी दबले होते. मग दोन टाके घालायला तुम्हाला आळस येणार नाही.