तीन नंबरच्या पेटीशेजारचं बेसिन

विनिपेगच्या त्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत, दोन बाळं एकाच जंतूने आजारी पडली तेव्हा नर्स लिगाया बालुयोत पुन्हा पुन्हा तिसऱ्या पेटीत डोकावू लागली. तीन नंबरच्या उबदार काचपेटीतली मुलगी अजून ठीक होती. जेमतेम नऊशे ग्रॅमचा जीव, आणि हात धुण्याचं बेसिन तिच्यापासून दोन हातांवर.

संसर्गाचा तपास करणारा डार्सी फ्रीसन वही घेऊन आला. सगळ्या नर्सना त्याने एकच प्रश्न विचारला. "या बेसिनमध्ये हात धुण्याखेरीज काही ओतता का गं?"

"तुझ्या हातची कॉफी असती तर नक्की ओतली असती," त्यांच्यातली कोरिन म्हणाली. सगळ्या हसल्या आणि हसता हसता नाही म्हणाल्या. लिगायाही नाहीच म्हणाली.

"जंतू बेसिनखालच्या नळीत असतातच," डार्सी म्हणाला. "थोडे असले की गप पडून राहतात. खायला मिळालं की वाढतात, एकमेकांना निरोप धाडतात, आणि पुरेसे जमले की मिळून बुळबुळीत थर धरतात. मग नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर बाहेर उडतात. लॅब म्हणते, यांची निरोप धाडायची जनुकं ठणठणीत आहेत. पण इथे खायला कुठून मिळणार? आणि नळी उघडायची तर पाचही बाळं हलवावी लागतील, त्यातही धोका आहेच. जाऊ दे, दुसरीकडे शोधतो."

तो निघाला. लिगायाची नजर बेसिनकडे गेली. बाळांच्या आया तासन्‌तास बसून यंत्राने चमचा-दोन चमचे दूध काढायच्या. त्यातलं उरलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकायला तिचा हात धजायचा नाही. आईचं दूध, आणि कचऱ्यात? ती ते बेसिनमध्ये ओतायची, वरून पाणी सोडायची. आपण त्याचा मान राखतो असंच तिला वाटायचं. आता बोललं तर नोकरीवर गदा, आणि गप्प बसलं तर ती तीन नंबरची पेटी.

"डार्सी, थांब! मी ओतते. उरलेलं दूध."

कोरिनचं हसू मावळलं. डार्सी चिडला नाही, आणि तेच लिगायाला सोसवेना.

"बरं झालं बोललीस. बाळं आत्ताच हलवू." त्याने पेन उघडलं. "कधीपासून ओततेस? या महिन्यात?"

"इथे लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "अकरा वर्षं."

डार्सीचं पेन वहीवर तसंच राहिलं. या खोलीतून घरी न गेलेली बाळं लिगायाला नावानिशी पाठ होती. आता ती नावं एकेक करून समोर येऊ लागली, आणि तिला ती थांबवता येईनात.