दूध कोणासाठी

देवमाशांचे दात कापून त्यांचं वय सांगणं, हे तिचं काम. संग्रहालयात सगळे तिला दातवाल्या बाई म्हणत. झाडाच्या खोडासारखं दातातही वर्षाला एक वलय वाढतं. पातळ चकती कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत सुटायचं.

परवा किनाऱ्याला लागलेली पायलट व्हेलची मादी मागच्या शेडमध्ये होती. पशुवैद्य डॉक्टरांनी कमरेपाशी चाचपून वीतभर हाड बाहेर काढलं. जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांच्या मागच्या पायांचं एवढंच उरलेलं.

"तुमचा आकडा किती, बाई?"

"सेहेचाळीस. तीनदा मोजलेत."

"बरोबर. अंडाशयावरचे व्रणही जुने आहेत. शेवटचं पिल्लू होऊन दहा वर्षं तरी झाली असतील." मग ते थबकले. "पण हिला दूध आहे."

ती जवळ गेली. डॉक्टरांच्या हातमोज्यावर साईसारखं दाट दूध होतं.

"या जातीत होतं असं," डॉक्टर म्हणाले. "आई खोल बुडी मारून शिकारीला गेली, की पिल्लाला कुणीतरी लागतंच. म्हातारी पाजते."

"एक पिल्लू दिवसभर किनाऱ्याजवळ घुटमळत होतं म्हणे. कोळी सांगत होता."

"मग?"

"गेलं कळपाबरोबर. बरंच झालं."

एवढं बोलून ती बाहेर आली. धाकट्या बहिणीने अंथरूण धरलं तेव्हा भाची दीड महिन्याची होती. आठ वर्षं हिनेच तिला वाढवलं. बहीण बरी झाली, चार महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन गेली. जाताना म्हणाली होती, "सारखा फोन नको करूस, ताई. तिला रुळू दे." तेव्हापासून हिने मन मारून फोन केला नव्हता.

आज केला. फोन भाचीनेच घेतला.

"मावशी! मी पोहायला शिकले. डोकंसुद्धा बुडवते."

"नाकात पाणी नाही जात?"

"आईने श्वास धरायला शिकवलंय."

"हो का? छान केलं हं आईने."

"आई हाक मारतेय. ठेवू?"

"ठेव, बाळा."

फोन बंद झाल्यावरही तिने तो कानालाच धरून ठेवला होता. मग तोंडावर पाणी मारून ती शेडमध्ये परतली.

"डॉक्टर, शनिवारी मी नसेन."

"कुठे निघालात?"

"बहिणीकडे. बोलावलेलं नाही तिने. पण जाऊन येते."