जमा धरलेली दोन वर्षं

नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या त्या बाईला वर्गातल्या सगळ्या पोरी काकू म्हणत. पोरी विशीच्या, ही पस्तिशीला टेकलेली, घरी शाळेत जाणारी लेक. मग काकू नाही तर काय म्हणणार?

लग्नाआधी तिने दुसऱ्या एका कॉलेजात हाच कोर्स दोन वर्षं केला होता. पुढे लग्न, बाळंतपण, सासूबाईंनी धरलेलं अंथरूण. यात कोर्स राहिला तो राहिलाच. इथे प्रवेश घेताना कळलं, की जुनं शिक्षण जमा धरतात. मुलाखतीला तिघं बसली होती. त्यांनी जुने गुण बघितले, सासूबाईंचं किती वर्षं केलंत ते विचारलं, माना डोलावल्या आणि तिला थेट तिसऱ्या वर्षात घातलं. नवरा छापखान्यात कामाला. त्याने भेटेल त्याला सांगितलं, "दोन वर्षं वाचली हो आमची."

एक गोष्ट मात्र त्या तिघांनी विचारली नाही आणि तिनेही सांगितली नाही. जुन्या कॉलेजात इंजेक्शनचा सराव कधी झालाच नव्हता. बाई फळ्यावर सिरिंजचं चित्र काढायच्या, मुली ते वहीत उतरवायच्या, गुण सगळ्यांना भरघोस. सासूबाईंना तिने न्हाऊमाखू घातलं, कूस बदलून दिली, पण सुई द्यायला दवाखान्यातला माणूस यायचा.

वॉर्डात आपल्या हाती सुई येऊ नये, एवढंच ती बघायची. म्हणून ती चादरी बदलायला पुढे व्हायची, ताप बघायला पुढे व्हायची, आणि सुईचा ट्रे निघाला की तिला नेमकं भांडी धुवायचं आठवायचं. पोरींना वाटे, काकू किती कामाची. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर कोणाचं कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्याही एकदा म्हणाल्या, "हिच्याकडून शिका जरा." झाकली मूठ किती दिवस झाकलेली राहणार?

ती उघडायची वेळ एका सकाळी आलीच. नवे पेशंट एकदम आले होते, वॉर्डात धावपळ चाललेली. मोठ्या सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "काकू, खिडकीजवळच्या आजोबांना इन्सुलिन दे. दहा युनिट. जेवण येतंय त्यांचं." आणि त्या पुढे निघूनही गेल्या.

नाही म्हटलं तर सगळं कळणार. तिने ट्रेमधली हाताला आली ती सिरिंज उचलली, बाटलीत सुई घातली आणि दहा रेघा मोजून औषध ओढलं. दहा युनिट म्हणजे दहा रेघा, असंच असणार. असंच असतं ना? फळ्यावरचं चित्र आठवेना.

खिडकीजवळचे आजोबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. त्यांनी सदरा वर केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी सुईकडे बघत नाही. आयुष्यभर तिकिटं फाडली, पण सुईचं नाव काढलं की माझी फाटते. तू उरक, बाळ."

तिने कापसाने कातडी पुसली. सुई टेकवायची तेवढी बाकी होती. तेव्हा तिच्या मनात आलं, की इथे कोणीच बघत नाहीये. आजोबा बघत नाहीत, सिस्टर बघत नाहीत, आणि मी बघतेय तर मला काही कळत नाहीये.

"आजोबा, आलेच हं," असं म्हणून ती सिरिंज तशीच हातात धरून वॉर्डाच्या त्या टोकाला गेली. "सिस्टर, एवढं बरोबर आहे का?"

मोठ्या सिस्टरनी सिरिंज हातात घेऊन पाहिली. एरवी त्या ओरडत. आज त्यांनी आवाज इतका खाली आणला, की तिला जास्तच भीती वाटली.

"ही साधी सिरिंज आहे. इन्सुलिनची वेगळी असते, तिची एक रेघ म्हणजे एक युनिट. दहा पट ओढलंयस तू. म्हातारा जेवायच्या आत बेशुद्ध पडला असता, कदाचित उठलाही नसता." मग त्यांनी विचारलं, "आजवर किती जणांना सुई दिलीस?"

"कोणालाच नाही. कधीच नाही."

आजोबांना सिस्टरनी स्वतः सुई दिली. ते म्हणाले, "कळलंसुद्धा नाही." ती भांड्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली.

दुपारी ती कार्यालयात गेली. प्रवेशाचं काम बघणारे कारकून चष्मा कपाळावर चढवून तिचं ऐकत राहिले.

"म्हणजे जमा धरलेलं परत काढून घ्या म्हणता?"

"हो. मला पहिल्या वर्षात बसवा."

"वर चढवा म्हणून माझ्याकडे रांग लागते, बाई. खाली उतरवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. नियमात तशी सोयच नाही. एकदा जमा ते जमा."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आत आल्या. "नियम तुमच्यापाशी ठेवा. सराव झाल्याशिवाय हिला मी वॉर्डात उभी करणार नाही. आणि वॉर्डाविना तिसरं वर्ष कसं पुरं करता, ते मला सांगा."

शेवटी प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. ठरलं असं, की गुण राहू देत, पण सगळी प्रात्यक्षिकं पहिल्यापासून करायची.

घरी सांगताना तिला वॉर्डाइतकीच धास्ती वाटत होती. नवऱ्याने सगळं ऐकलं. बराच वेळ तो हातावरची शाई खरवडत बसला.

"लोकांना काय सांगू आता?" तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ते आजोबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग झालं तर. लोकांना सांगू काहीतरी."

वर्षभर ती शाळेतून नुकत्याच सुटलेल्या पोरींच्या शेजारी बसून रबराच्या हातात सुया टोचत राहिली. पुन्हा वॉर्डात आली तेव्हा पहिली सुई, तीही इन्सुलिनचीच, एका किरकिऱ्या शिंपीणबाईंना द्यायची होती. मोठ्या सिस्टरनी तिच्याकडून मात्रा मोठ्याने म्हणवून घेतली, सिरिंज तपासली आणि मान हलवली. सुई नीट गेली.

काम झालं, तरी ती खाटेपासून हलेना. बाईंच्या कपाळावर घाम येतोय का, श्वास बरोबर चाललाय का, बघत उभीच राहिली. जेवणाचं ताट आलं, रिकामं होऊन परत गेलं, ती तिथेच.

शिंपीणबाईंनी डोळे उघडले. "अगं बाई, तू जाशील का आता? मला झोपायचंय."