हंड्यावर बसून मोजलेली वाट

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्ही साबणाची काळी वडी समजाल. गोल कडा, पोटात एक बॅटरी आणि कपाळावर एक छोटा दिवा, एवढाच माझा पसारा. मी जीपीएस रिसीव्हर आहे. हल्ली रत्नागिरीतल्या एका लहानशा संस्थेच्या टेबलाच्या खणात पडून असतो. पण २००६ साली माझा काय थाट होता म्हणून सांगू! तेव्हाच्या मोबाईलला आपण कुठे उभे आहोत हेसुद्धा कळत नसे. तो बिचारा मला विचारायचा. मी आकाशातल्या उपग्रहांकडे बघून जागा काढायचो आणि ब्लूटूथने त्याला कळवायचो. मग त्याच्या पडद्यावरच्या नकाशात लाल ठिपका उमटायचा. लोक गोळा होऊन म्हणायचे, "काय हुशार मोबाईल आहे!" राबायचं मी आणि मिरवायचं त्याने. मला फार राग यायचा, पण करतो काय?

संस्थेचं काम मात्र मला मनापासून आवडायचं. लांजा तालुक्याच्या डोंगरांत बारा महिने वाहणारे झरे शोधायचे आणि नकाशावर आणायचे. ज्या वाडीचा झरा यादीत येईल, त्या वाडीला पुढच्या वर्षी पाइप टाकून पाणी मिळणार होतं. नकाशावर नाही ती वाडी यादीत नाही, असा साधा हिशेब होता. मला वापरायचे ते सलिल. रत्नागिरीतच वाढलेले, नुकतेच इंजिनिअर झालेले, स्वभावाने जरा भित्रे पण कामाला वाघ. जीपने जाता येईल तिथवर जायचं आणि मग कातळ तुडवत चालायचं, असे आमचे ते दिवस होते. त्या दिवसांची आठवण आली की अजूनही मला कोवळ्या उन्हात ठेवल्यासारखं वाटतं.

एकदा पालीच्या बाजारात मी जीपच्या टपावरून घरंगळलो. कपाळाला चीर गेली, पण जीव वाचला. संस्थेचे प्रमुख राजाभाऊ सलिलना म्हणाले, "अरे, हा एकच आहे आपल्याकडे. पुन्हा पडला तर काम बंद!" सलिलनी ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून माझी रवानगी त्यांच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात झाली. भाकरी कागदात आणि मी नॅपकिनमध्ये! झरा आला की ते मला बाहेर काढायचे, काम झालं की पुन्हा आत ठेवायचे. इतकी माया मला कुणी लावली नव्हती, त्यामुळे मीही खूष होतो.

एप्रिलच्या एका दुपारी आम्ही तुळसाच्या वाडीला पोचलो. तुळसा चाळिशीची, नवरा मुंबईला कामाला. पाण्यासाठी रोज चार वेळा डोंगर चढायची आणि भरला हंडा घेऊन उतरायची. तिने आम्हांला झऱ्यावर नेलं. सलिल उन्हाने पार दमले होते. मला डब्यातून काढायचं ते विसरले आणि त्यांनी मोबाईलचं बटण दाबलं. डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून मोबाईलची हाक मला ऐकू आली. आकाश मात्र दिसत नव्हतं. अशा वेळी खरं म्हणजे मी गप्प बसायचं. पण माझी एक वाईट खोड होती. दिसेनासं झालं की मी शेवटची माहीत असलेली जागाच पुन्हा सांगायचो. मी अर्ध्या तासापूर्वीच्या, शेजारच्या वाडीतल्या झऱ्याची जागा सांगितली. त्या डोंगराच्या नकाशात दुसरं काही छापलेलंच नव्हतं, त्यामुळे सलिलना संशय आला नाही.

कचेरीत राजाभाऊंना एकाच जागी दोन ठिपके दिसले. एकच झरा दोनदा नोंदला गेला असं समजून त्यांनी एक खोडला. तो तुळसाचा होता.

मे महिन्यात लांज्याला सभा भरली आणि यादी वाचली गेली. तुळसा एसटीने आली होती. यादी संपली तशी ती उभी राहिली.

"आमचा झरा कुठं गेला?"

"वहिनी, नकाशावर तो दिसत नाहीये," सलिल अडखळत म्हणाले.

"नकाशात नाय? आज सकाळी त्याचाच पानी भरून आलंय मी!"

सभेत कुणी हसलं नाही. राजाभाऊंनी चष्मा काढला आणि सांगितलं, "यादी परवा पुढे जाणार आहे. सलिल, उद्याच जा."

चूक डब्यामुळे झाली हे सलिलना रात्री उमगलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी डब्याबाहेर होतो. पण झऱ्यावर झाडांची दाट सावली. मला दोनच उपग्रह दिसत होते आणि जागा सांगायला निदान चार तरी लागतात. सलिलनी झऱ्यालगतच्या उघड्या कातळावर उभं राहून मला उंच धरलं. थोड्याच वेळात त्यांचा हात भरून आला आणि मी खाली आलो. तुळसा बघत होती. तिने हंडा भरला, त्यावर पितळी थाळी झाकली आणि चुंबळीवर घेऊन ती कातळावर येऊन उभी राहिली.

"ठेवा त्याला वर."

"वहिनी, निदान रिकामा हंडा घ्या."

"रिकामा हलतो. भरलेला गप बसतो."

मी थाळीवर बसलो. दहा मिनिटं ती बाई जागची हलली नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात पुसायलाही खाली आला नाही. एक, दोन, तीन... चौथा उपग्रह दिसेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग पाच, सहा झाले आणि मी जागा सांगितली. सलिल ओरडलेच, "आला!" नंतर तशीच ती मला घेऊन वाडीपर्यंत उतरली आणि पाइपची सगळी वाट नकाशावर उमटली. इतक्या मानाने मी कधीच कुठे मिरवलो नाही.

पुढच्या वर्षी म्हणता म्हणता दोन वर्षांनी वाडीत पाणी आलं. तोवर जीपीएस पोटात असलेले मोबाईल आले होते आणि माझी बॅटरीही गेली होती. एकदा तुळसा कचेरीत आमसुलं घेऊन आली आणि तिने माझी चौकशी केली. सलिलनी मला खणातून काढून तिच्या हातावर ठेवलं.

"आता दारात पानी येतंय," ती म्हणाली. "पन चालताना हात अजून वर जातो बगा, हंडा सावरायला."

मित्रांनो, वस्तू जपा, पण झाकून ठेवू नका. त्यांना आपलं काम करता येईल अशा जपा. आणि एखादी गोष्ट तुम्हांला दिसत नसेल, तर सरळ सांगा की दिसत नाही. त्या एप्रिलच्या दुपारी मी तेवढंच सांगितलं असतं, तर तुळसाला भरल्या सभेत उभं राहून आपला झरा कुठे गेला असं विचारावं लागलं नसतं.