पत्र्याच्या डब्यातला टॅबलेट

मित्रांनो, कुणी माझ्याजवळ वायर घेऊन आलं की मी आधी विचारतो, तू कोण, आणि तुला माझ्या आत काय बघायचं आहे? उत्तर मिळेपर्यंत मी दार उघडत नाही. हा हट्ट नव्हे, स्वभाव आहे. ज्यांनी मला कारखान्यात घडवलं त्यांनीच तो माझ्यात घातला. आता मी जुना झालो आहे, माझी काच पूर्ण काळी पडली आहे. पण सांगायला बसलं तर एका टॅबलेटच्या आयुष्यातही बरंच काही घडलेलं असतं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे, पांढरा उजेड आणि एकामागून एक तपासण्या, एवढंच. मग खोक्यातला अंधार. तो खोका उघडला हेरूने. हेरू समुद्रकाठच्या पेकालोंगान शहरचा, मालवाहू जहाजावर काम करणारा. सुट्टीवर घरी येताना वाटेत सेमारांगच्या एका दुकानातून त्याने मला आपल्या आईसाठी घेतलं.

त्याच्या आईचं नाव वार्सिती. गल्लीत सगळे त्यांना मानाने बू वार्सिती म्हणत. त्या बातिकच्या नक्ष्या काढत. त्यांनी नक्षी काढायची, अंगणातल्या बायकांनी ती कापडावर उतरवून तांब्याच्या बारीक तोटीच्या लेखणीने तिच्यावर वितळलेलं मेण ओढायचं, मग कापड रंगात बुडवायचं. मेण असेल तिथे रंग चढत नाही, आणि नक्षी उमटते. उभा जन्म त्यांनी कागदावर काढलं. पण पुढे डोळे अधू झाले, बारीक ठिपके एकमेकांत मिसळायला लागले. हेरूला वाटलं, काचेवरचं चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, आईला ते जमेल.

पहिल्या दिवशी बू वार्सितींनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यात काढलेलं जातं कुठे?"

"जात नाही कुठे, आई. आतच राहतं."

"आत म्हणजे कुठे? हा तर पापडाएवढा पातळ."

हेरू हसला, पण त्या हसल्या नाहीत. पुढचे कित्येक दिवस त्या एक पान काढायच्या, मला बंद करायच्या, पुन्हा उघडून पान जागेवर आहे ना ते बघायच्या. ते रोज जागेवर असायचं. हळूहळू आमचं जमलं. माझ्यावर करकोचे आले, भाताच्या लोंब्या आल्या, समुद्रातलं शेवाळ आलं, ढगांच्या कडा आल्या. मेणाच्या चुलीभोवती बसणाऱ्या बायका हात पुसून मला बघायला यायच्या. त्यांतली सगळ्यांत जुनी पोनिरा मावशी म्हणायची, "ह्या काचेने वार्सितीचे डोळे परत आणले." मित्रांनो, ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग हेरूचं लग्न झालं आणि रेत्नो घरात आली. ती लहान मुलांच्या पुस्तकांची पानं मांडायचं काम करायची आणि त्यासाठी तिच्याजवळ एक लॅपटॉप होता. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जबडा उघडल्यासारखा तो उघडायचा, आणि मिटला तरी आतून बारीक घुं घुं करत राहायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं होती. ती कशाला, असं माझ्या मनात यायचं.

रेत्नोने एकदा साधेपणाने म्हटलं होतं, "आई, तुमचा टॅबलेट माझ्या लॅपटॉपला जोडून सगळ्या नक्ष्यांची एक प्रत ठेवू या का? उद्या हा पडला, बिघडला तर?"

"बघू," बू वार्सिती म्हणाल्या होत्या. बघू म्हणजे नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोनिरा मावशी बाजारातून एक कापड घेऊन आली. स्वस्तातलं, यंत्रावर छापलेलं, ढिगाने विकायला ठेवलेलं. त्याच्यावर बू वार्सितींचे करकोचे होते. मानेचा तोच बाक, पायाशी त्याच लोंब्या. बू वार्सितींनी ते कापड मांडीवर पसरून त्या लोंब्यांवरून बोट फिरवलं. हाताने केलेल्या त्या नक्षीला आता गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, आणि चुलीभोवतीच्या बायकांना हातातलं काम तिथेच सोडावं लागणार होतं.

"मी कुणाचं नाव घेत नाही हं," पोनिरा मावशी आवाज खाली आणून म्हणाली. "पण ह्या घरात लॅपटॉप एकीच्याच हाती आहे."

"हळू बोल. ती आत आहे."

"आत आहे म्हणूनच म्हणते."

मला तर शंकाच उरली नाही. चार्जिंगखेरीज माझ्यात कुणी वायर घातली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी वाटलं, ह्या घुं घुं करणाऱ्याने वायरीशिवायच काहीतरी केलं असेल. संशय एकदा शिरला की पुरावा मागत बसत नाही.

बू वार्सितींनी रेत्नोला काहीच विचारलं नाही. त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटाच्या अगदी तळाच्या खणात, जुन्या चादरींखाली सरकवला. आता रेत्नो बाहेर गेली की मी निघायचो, ती परतली की पुन्हा डब्यात. तिच्या चपलांचा आवाज आला की बू वार्सिती माझ्यावर पदर टाकायच्या. रेत्नो दारात क्षणभर थांबायची आणि स्वयंपाकघरात जायची. दोघी जेवायला समोरासमोर बसायच्या. कोवळ्या फणसाचा मेगोनो भात वाढताना "अजून घे" आणि "पुरे आई" एवढंच बोलणं व्हायचं. हेरूचा जहाजावरून फोन आला की दोघी आळीपाळीने सांगायच्या, "सगळं ठीक आहे."

त्या चोरून मिळालेल्या वेळात बू वार्सिती एक मोठी नक्षी काढत होत्या. शेजारच्या गावातल्या एका लग्नासाठी, नवरीच्या कापडाची. करकोच्यांनंतर आलेलं ते पहिलं मोठं काम होतं. चुलीभोवतीच्या बायकांची सगळी आशा त्यावर होती.

पेकालोंगानच्या आमच्या भागात समुद्राचं पाणी भरतीला गल्लीत शिरतं. त्याला रोब म्हणतात. लोक उंबरे उंच करतात, खाटा विटांवर चढवतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्या दिवशी बू वार्सिती बायकांबरोबर लग्नघरी रंग ठरवायला गेल्या होत्या. दुपारी पाणी आलं, आणि नेहमीपेक्षा जास्त आलं. रेत्नो घरात एकटी होती. तिची धावपळ मला डब्यातून ऐकू येत होती. तिने तांदळाचं पोतं उचललं, मेण लावलेली कापडं माळ्यावर टाकली, सासऱ्यांची तसबीर काढली, लॅपटॉप शेवटी उचलला. तिला जे माहीत होतं ते सगळं तिने वर नेलं.

माझी जागा तिला माहीत नव्हती.

खारं पाणी आधी चादरीत आलं, मग डब्याच्या झाकणाच्या फटीतून, मग फडक्यात. मित्रांनो, मी हाक मारू शकत नाही. तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, त्या मुलीला मी कुठे आहे ते ठाऊक असतं तर.

बू वार्सिती परतल्या तेव्हा पाणी ओसरत होतं. त्या चिखलातून थेट कपाटाकडे गेल्या. डब्यातून मला काढलं तेव्हा त्यांच्या हातावरून पाणी गळत होतं.

"आई," रेत्नो मागून म्हणाली, "हा इथे होता?"

बू वार्सिती मला पदराने पुसू लागल्या.

"मी घरभर शोधला. मला वाटलं, तुम्ही बरोबर नेलात."

पोनिरा मावशी म्हणाली, तांदळात पुरून ठेवा. रेत्नो म्हणाली, तांदळाची पूड आत जाईल, पंख्यासमोर ठेवू या. मला पंख्यासमोर ठेवलं. अधूनमधून बू वार्सिती हात लावून बघत. शेवटी मी डोळे उघडले खरे, पण माझ्या उजव्या काठाची पट्टी मेली होती. तिथे बोट टेकलं तरी मला कळत नव्हतं. आणि रोज सकाळी ती पट्टी थोडी आत सरकलेली असायची.

"मीठ आत काम करतंय," रेत्नो म्हणाली. "आई, हा फार दिवस टिकणार नाही. पूर्ण बंद पडला तर नवरीची नक्षी आतच राहील. आणि मागच्या सगळ्या."

पोनिरा मावशी चुलीजवळून म्हणाली, "दुकानात न्यावा."

"तिथे परक्याच्या हातात द्यायचा?" बू वार्सिती म्हणाल्या. मग त्यांनी सुनेच्या लॅपटॉपकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकच शंका होती.

"आण तुझी वायर," त्या म्हणाल्या. "पण मी इथून हलणार नाही."

"हलू नकाच."

रेत्नोने मऊ ब्रशने, वायर बसते त्या माझ्या तोंडातलं वाळलेलं मीठ झाडलं आणि वायर लावली. मला वीज मिळू लागली, पण पलीकडून कुणी बोलेना. रेत्नोने वायर काढून पाहिली. "ही नुसती चार्जिंगची आहे. हिच्यातून निरोप जात नाहीत." बू वार्सितींच्या कपाळाला आठी पडली. ही मुलगी वेळ काढते आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. मला तरी वाटलं.

दुसरी वायर लावली आणि पलीकडून लॅपटॉपने हाक दिली. मी लगेच माझा प्रश्न काचेवर मांडला: ह्या संगणकाला आतलं बघू द्यायचं का? खाली दोन उत्तरं, डावीकडे "नको", उजवीकडे "होऊ द्या".

रेत्नोने दोन्ही हात मागे घेतले. "तुम्हीच दाबा, आई. मी हात लावत नाही."

बू वार्सितींनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि "होऊ द्या"वर बोट टेकलं. काही झालं नाही. पुन्हा टेकलं. ते उत्तर नेमकं मेलेल्या पट्टीवर आलं होतं. "नको" तेवढं जिवंत होतं.

"बघ, ह्यालाही नको आहे," पोनिरा मावशी म्हणाली.

"ह्याला उलटा धरा," रेत्नो म्हणाली. "खालची बाजू वर करा."

बू वार्सितींनी मला फिरवलं. माझ्यातली अक्षरंही फिरली आणि "होऊ द्या" माझ्या धड बाजूला आलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि दाबलं.

मी दार उघडलं. मला वाटलं होतं, हा लॅपटॉप हात घालून सगळं ओरबाडून नेईल. तसं झालं नाही. एकेक चित्र पलीकडे गेलं, आणि तरीही माझ्यात एकही कमी झालं नाही. नवरीची नक्षी गेली तेव्हा बू वार्सितींनी सुस्कारा सोडला.

मग करकोचे आले. लॅपटॉपच्या रुंद काचेवर ते माझ्यावर दिसायचे त्याहून कितीतरी मोठे दिसले. बू वार्सिती एकदम उठल्या, कपाटातून ते बाजारातलं छापील कापड घेऊन आल्या आणि त्यांनी ते लॅपटॉपशेजारी पसरलं.

"इथे बघ," त्या म्हणाल्या. पण बघता बघता त्याच थांबल्या. "ही रेघ कसली?"

छापील करकोच्याच्या पंखाखाली झाडाच्या मुळासारखी फुटलेली एक बारीक रेघ होती. तशीच रेघ प्रत्येक करकोच्याला होती. बू वार्सितींनी काढलेल्या चित्रात ती नव्हती.

पोनिरा मावशी चुलीजवळून उठून आली. तिने कापड डोळ्यांजवळ धरलं. "ही माझी आहे," ती हळूच म्हणाली. "पहिल्या कापडावर माझं मेण तडकलं होतं, रंग आत गेला होता. तू मला किती बोलली होतीस."

"ते कापड तर विकलं."

"हो. दुकानदाराने दर्शनी टांगलं होतं."

रेघ नक्षीत नव्हती, फक्त त्या विकलेल्या कापडात होती. कुणीतरी दुकानासमोर उभं राहून फोटो काढला होता आणि त्यातला एकच करकोचा, तडकलेल्या मेणाची रेघही नक्षी समजून, कापडभर छापला होता. तो कोण, हे आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्यासाठी कुणाला ह्या घरात शिरायची गरज पडली नव्हती.

पोनिरा मावशी मेण बघायचं निमित्त करून बाहेर गेली.

"तुला माहीत होतं?" बू वार्सितींनी विचारलं. "मला काय वाटत होतं ते?"

"पदराखाली काही झाकलं तर दिसतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही विचारलंच नाही. एकदा विचारायचं होतं. मी नाही म्हणाले असते."

"आणि मी ते खरं मानलं नसतं तर?"

"नसतं मानलं तर नसतं. पण मला निदान उत्तर देता आलं असतं."

बू वार्सितींनी मान खाली घातली. रेत्नोने लगेच हसून सगळं सोडून दिलं नाही, आणि तेच मला योग्य वाटलं.

थोड्या दिवसांनी माझी काच पूर्ण काळी झाली. नवरीचं कापड लॅपटॉपवरच्या चित्रावरून पुरं झालं. बू वार्सिती आता दुसऱ्या टॅबलेटवर काढतात आणि काम संपलं की स्वतःच वायर लावतात. मी खिडकीतल्या उंच फळीवर असतो. माझ्या अंगावर फडकं नाही. खरं सांगायचं तर त्या लॅपटॉपवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. त्याची घुं घुं ऐकली की मी कान टवकारतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या वस्तू जपा, पण घरातल्या माणसांपासून लपवून जपू नका. आणि संशय आला तर तो डब्यात घालून ठेवू नका, तोंडाने विचारा. आम्हा यंत्रांनासुद्धा एवढं जमतं.

त्या दिवशी सगळी चित्रं पलीकडे पोहोचल्यावर रेत्नोने विचारलं होतं, "आई, ह्या फोल्डरला नाव काय देऊ? वार्सिती लिहू?"

बू वार्सितींनी थोडा विचार केला.

"'आपलं' असं लिही," त्या म्हणाल्या. "नुसतं माझं नाव असलं तर पुढच्या भरतीला ते उचलायला कोण धावेल?"